कोरड्या लाइनीचं पाणी

१

गटार बदलणं म्हणजे खड्डा खणा, पाइप टाका आणि घरी जा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा चालत्या गावात करून बघावं. गल्लीत माणसं राहत असतात. ती जेवतात, आंघोळी करतात, नळाला पाणी येतं त्या वाराला आठवड्याचे कपडे धुतात. आणि आपण दारोदार फिरून सांगायचं असतं, बायांनो, दुपारपर्यंत मोरीत पाणी टाकू नका. ऐकतात थोडीच.

सल्त गावच्या पाणी आणि सांडपाणी खात्यात नव्या कामांची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्या वर्षी आम्ही हौदगल्लीखालची जुनी लाइन बदलत होतो. जुनी म्हणजे दगडी, वरून कमान असलेली, आजोबा-पणजोबांच्या काळातली. शेजारून नवी लाइन टाकायची, एकेका घराची जोडणी तिच्यावर घ्यायची आणि जुनी मोकळी झाली की तिच्यात पातळ काँक्रीट ओतून ती बुजवायची. नाहीतर एक दिवस ती खचते आणि वरचा रस्ता, दुकानं, उभ्या गाड्या, सगळं पोटात घेते.

जोडण्या हलवून झाल्या. वरचं तोंड बांधून टाकलं. गल्लीच्या पायथ्याला जे शेवटचं चेंबर होतं, त्याचं झाकण उघडून मी आणि आमचे मुकादम अबू नाएल खाली बघत होतो. तळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

"घ्या, इंजिनियरबाई," अबू नाएल म्हणाले, "आता इथं सतरंजी टाकून चहा प्यायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर त्याच तळाशी पाण्याची एक धार वाहत होती. जाडी असेल बोटाएवढी. थंडीचे दिवस होते, आणि त्या धारेतून वाफ निघत होती.

२

"एखादं घर राहिलं," मी म्हणाले.

"राहिलं असेल तर मिशा उतरवतो," अबू नाएल म्हणाले. "या गल्लीतल्या प्रत्येक मोरीत मी स्वतः वाकलोय. विश्वास नसेल तर माझ्या कमरेला विचारा."

मी कमरेला विचारलं नाही. आमच्या धंद्यात यावर सोपा इलाज आहे. हिरवा रंग पाण्यात कालवायचा, एकेका घरी जाऊन मोरीत ओतायचा, आणि खाली माणूस उभा करून बघायचं की तो कुठल्या लाइनीत उतरतो. नव्या लाइनीत आला तर ठीक. जुन्या लाइनीत आला तर चोर सापडला.

आम्ही वरून सुरुवात केली. प्रत्येक दारात तीच वरात. कॉफी घ्या, नको, घ्याच, बरं द्या. कोपऱ्यावरच्या नज्लाखालांनी तर दार अडवलं.

"माझ्या मोरीत विष ओतता?"

"खाला, नुसता रंग आहे."

"रंगच ना? मग पायरीवर सांडलाय तो पुसून जा. आणि लग्न कधी करतेस तू? आयुष्यभर लोकांच्या मोऱ्याच बघणार का?"

पायरी मी पुसली. सगळ्या घरांचा रंग नव्या लाइनीत उतरला. एकही घर सुटलं नव्हतं, मशिदीतला हातपाय धुण्याचा वजूखानासुद्धा नाही. जुन्या लाइनीत हिरव्याचा थेंब आला नाही.

आणि दुपारी पाणी आलंच. मी शिडीनं खाली उतरले, हातमोजे घातले आणि चाळणी धरली. भाताची शितं आली, कोथिंबिरीचा देठ आला, वेलदोड्याच्या वासाची कॉफीची पूड आली. वरून साबणाचा फेस होता, तोही गारच्या, म्हणजे तमालासारख्या एका झाडाच्या, तेलाच्या साबणाचा. तो आमच्या घरी असतो, तसा निम्म्या गावाच्या घरी असतो. शिळं, गटारातलं असं ते पाणी वाटतच नव्हतं. नुकतंच कुणीतरी जेवलं होतं, उठलं होतं आणि भांडी घासली होती.

कुणाच्या घरची? मी तिथे उभी राहून बराच वेळ त्या कमानीच्या अंधारात बघत राहिले. वर येऊन मी अबू नाएलना सांगितलं की कुठूनतरी झरा लागला असेल. झऱ्यात भात कसा शिजतो, हे त्यांनी विचारलं नाही. भला माणूस.

३

सोमवारी पाणी गुलाबी आलं.

गर्द नव्हे, बिटाचा रंग उतरतो तसं. त्यात सलगमच्या फोडी होत्या. आंबट वास होता. लोणच्याचं पाणी. थंडीत आमच्याकडे कुठल्या घरात सलगमचं लोणचं नसतं?

मंगळवारी संध्याकाळी मी घरी गेले तर आई मोरीशी बसून काचा वेचत होती. बरणी हातातून निसटली होती. जाळीभोवती गुलाबी ओघळ होते आणि सलगमच्या फोडी पडल्या होत्या.

"बघत काय उभी राहिलीस? झाडू आण," आई म्हणाली. "महिनाभराची मेहनत गेली माझी."

घरात आम्ही तिघी. आई, मी, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली माझी धाकटी बहीण सुहैर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. सुहैरचा नवरा कुवेतला. आमचं घर पलीकडच्या डोंगरावर. मधे दरी आहे, दरीत बाजार आहे, आणि आमच्या उताराचं सांडपाणी दुसऱ्याच बाजूला जातं. पाणी चढ चढत नाही. माझा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. तेव्हा मी झाडू आणला, काचा भरल्या, आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या. सलगमचं लोणचं. उद्या गावात कुणी शिंकलं तरी मला त्यातून अर्थ काढायचा होता की काय?

बुधवारी दुपारी जुन्या लाइनीत हिरवा रंग आला.

अबू नाएल भडकले. रंगाचा डबा त्यांच्या गाडीत कुलपात होता. त्यांनी कामावरच्या प्रत्येकाला धरून विचारलं, कुणी ओतला, कुठल्या घरी ओतला. कुणीच ओतला नव्हता. ते खाली उतरून त्या हिरव्या धारेत बोट बुडवून आले आणि मला बोट दाखवत म्हणाले, "आपलाच आहे. कुणीतरी आपली थट्टा करतंय, बाई. सापडू दे फक्त."

मलाही तसंच वाटावं म्हणून मी खूप प्रयत्न केला. रात्रभर छताकडे बघत पडले. गुरुवारी सकाळी कामावरून रंगाची पुडी उचलली आणि दुपारी घरी आले. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कदाचित एवढंच की, एकदा बघितलं की डोकं शांत होईल. आई झोपली होती. सुहैर बाळाचं टोपडं विणत होती. मी मोरीचं दार लावलं, बादलीत रंग कालवला, जाळीवर ओतला आणि अबू नाएलना फोन केला.

"चेंबरपाशी आहात ना? हिरवं काही येतंय का?"

"नाही."

"थोडं थांबून बघा."

ते थांबले. मी मोरीत उभी राहून जाळीकडे बघत होते. फोनवर त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"काही नाही, बाई. साधं पाणी आहे. हिरवं काल आलं होतं." मग त्यांचा आवाज उतरला. "तुम्ही आत्ता ओतलाय का? कुठून?"

मी फोन बंद केला. हाताला लागलेला रंग साबणानं जात नव्हता. त्या क्षणी मला भीती वाटली. आडवळणानं सांगत नाही, नुसती, साधी भीती. आमच्या घरचं उद्याचं पाणी दरीपलीकडच्या त्या कोरड्या लाइनीत आजच येत होतं.

४

शुक्रवारी काम बंद असतं. मी घरातून हलले नाही, आणि तिकडे काय आलं असेल याचा विचार मनात आला की कामाला लागायचे. कपाटं आवरली. सुहैर म्हणाली, "ताई, बाळंतपण माझं आहे, घर तू का आवरतेस?"

शनिवारी दुपारच्या बांगेच्या सुमाराला मी चेंबरपाशी गेले तेव्हा ठरवून गेले होते की झाकण उघडायचंच नाही. अबू नाएलनी ते आधीच उघडलेलं होतं. ते उकिडवे बसले होते आणि खाली बघत नव्हते. दुसरीकडे बघत होते.

"वास येतोय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

कापूर.

कापूर म्हटल्यावर दुसऱ्या मुलखातल्या माणसाला देवळं आठवतील. आमच्याकडे तो घरात येतो एकाच कामासाठी. बोरीचा पाला कुस्करून पाण्यात घालतात, शेवटच्या पाण्यात कापूर घालतात, आणि त्या पाण्यानं मेलेल्या माणसाला न्हाऊ घालतात. पुरुषांना मशिदीमागच्या खोलीत नेतात. बाईला मात्र आमच्या घराण्यात अजून घरीच न्हाऊ घालतात. तिच्याच मोरीत, तिच्याच माणसांनी.

मी वाकले. पाणी दुधट होतं, सावकाश येत होतं, आणि त्यात बोरीच्या पानांचे हिरवे तुकडे होते. कापसाचा एक पांढरा बोळा आला, दगडाला अडला, फिरला आणि पुढे गेला. पलीकडून, कमानीच्या आतून, मगनं पाणी ओतल्यासारखा आवाज येत होता. ओतायचं, थांबायचं, परत ओतायचं.

"आपण अल्लाहचे, त्याच्याकडेच जायचं," अबू नाएल पुटपुटले. "गल्लीत कुणी गेलं नाही. गेलं असतं तर मशिदीतून सांगितलं असतं." आणि मग अगदी हळू, "तुमच्या घरी सगळ्या बऱ्या आहेत ना?"

मी घरी फोन लावला. नाव दोनदा चुकलं.

"काय ग?" आई म्हणाली. "कालचं वांगं उरलंय, ते गरम करू की तू काही आणतेस?"

"सुहैर कुठाय?"

"इथंच. पोरगं लाथा मारतंय म्हणून ओरडतेय. का?"

"काही नाही. गरम कर."

आईला रक्तदाब आहे. सुहैरला नववा लागलाय. कोण? मी तिथे, भर रस्त्यात, त्या दोघींमध्ये निवड करत उभी होते आणि मला स्वतःची शिसारी आली. तेवढ्यात काँक्रीटची गाडी दिसली. ती दुसऱ्या कामासाठी वरच्या चौकात उभी होती.

"ती गाडी इकडे घ्या," मी म्हणाले. "लाइन आत्ता बुजवा."

अबू नाएल उठून उभे राहिले. "बाई, लाइन जिवंत आहे. जिवंत लाइन बुजवायची नाही, हे आमच्या डोक्यात तुम्हीच भरलंत. पाणी येतं कुठून ते कळल्याशिवाय तोंड बांधलं, तर ते जाईल कुठं?"

"जाऊ दे कुठंही. इथं यायला नको."

"पाणी हो ते. त्याला कुठं कळतं नको म्हटलेलं?"

"अबू नाएल, हात जोडते."

मी त्यांच्यापुढे कधी हात जोडले नव्हते. ते गाडी बोलवायला निघाले. माझं डोकं त्या वेळी असं चाललं होतं की, ते पाणी उतरायला जागाच उरली नाही, तर ते कुणाच्या अंगावरून ओतलंही जाणार नाही. मूल डोळे मिटतं आणि समजतं की आता आपण कुणाला दिसत नाही, तसलाच तो हिशेब. पण त्यावरच मी उभी होते.

काँक्रीट आत जायला लागलं. पहिल्यांदा आत नुसतं घुमत होतं. मग लाइन भरत गेली तसा तो मगचा आवाज दबत गेला, आणि शेवटी, तो पुरता थांबायच्या जरा आधी, कमानीच्या पार आतून कुणीतरी दोनदा जोरात थोपटल्यासारखं ऐकू आलं. आपली मोरी तुंबली की बायका तळहातानं जाळीवर थोपटतात ना, तसं.

"घरी जा," अबू नाएल म्हणाले. "आणि उद्या येऊ नका. मी बघतो."

५

रविवार मी दोघींच्या पायात पायात घोटाळत काढला.

सकाळी दोघींना गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. आईचा रक्तदाब माझ्यापेक्षा बरा निघाला. सुहैरच्या बाळाचे ठोके तर डॉक्टरनं मोठ्यानं ऐकवले. घरी आल्यावर सुहैरला जिना चढताना मागून धरलं. आईच्या हातातून पातेलं काढून घेतलं. मोरीतला साबणाचा ओला तुकडा उचलून फेकून दिला.

"मांजरासारखी मागे मागे काय फिरतेस?" आई म्हणाली. "मी मरत नाही एवढ्यात. नातवाचं तोंड बघितल्याशिवाय तर मुळीच नाही."

"असं बोलू नकोस."

"बघा, आता बोलायचीही चोरी."

दुपारच्या नमाजाची बांग झाली. काल ते पाणी आलं होतं ती वेळ गेली. आम्ही जेवलो. दही घातलेला भात होता, वर तळलेले बदाम. मी दोघींना प्रत्येक घास गिळेपर्यंत बघत होते. मग पोट हातानं सावरत सुहैर हसायला लागली आणि म्हणाली, "आई, ताईनं आज मला पाणीसुद्धा चावून प्यायला लावलंय," आणि आईही हसली, आणि मला एकदम रडू फुटलं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अग, वेडी," आई म्हणाली. "काम फार झालंय तुला. जा, तोंडावर पाणी मार."

मी मोरीत गेले. दार लोटलं. गरम पाण्याचा नळ सोडला आणि तोंड धुतलं. फार बरं वाटत होतं, हे खरं आहे. दुपार टळली होती. दोघी बाहेर ताटं उचलत होत्या, भांड्याला भांडं लागत होतं. मी टॉवेलला हात घातला आणि पायाला पाणी लागलं.

नळाचं पाणी जाळीतून खाली जात नव्हतं. जाळीवर तळं साचलं होतं. मी नळ बंद केला. तळं वाढतच होतं. पाणी वरून नव्हे, जाळीच्या भोकांतून येत होतं, हळूहळू, दुधट. त्याबरोबर बोरीच्या पानाचा एक तुकडा वर आला आणि माझ्या अंगठ्याला चिकटला. मग वास आला.

पळायला हवं होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि कान जाळीजवळ नेला. सवय म्हणा. तुंबलेल्या लाइनीला आम्ही असाच कान लावतो.

खाली मगनं पाणी ओतत होते. ओतायचं, थांबायचं, परत ओतायचं. बायका कुजबुजत होत्या. एकीनं नाक ओढलं.

"अजून कोमट घे," आवाज आईचा होता. खोल, पाइपातून आलेला, पण आईचाच. "आणि मानेखाली हात धर तिच्या. हळू."

मला वाटलं, मग सुहैर. देवा, मग सुहैर.

"आई, मला नाही होत," खालून सुहैर म्हणाली. ती हुंदके देत होती. "नाही बघवत मला हिच्याकडे."

"करायला हवं, बाळा. आपण दोघीच आता. तुझ्याशिवाय कोण उरलंय मला?"

पुन्हा पाणी ओतलं गेलं.

बाहेर स्वयंपाकघरात ताटं ठेवल्याचा आवाज झाला. "हियाम," आईनं हाक मारली, या बाजूनं, अगदी जवळून, "मोरी तुंबली का ग? पाणी इकडे यायला लागलंय. तुझ्या त्या अबू नाएलला फोन कर."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज मला बरा वाटला. "बघते मी. तुम्ही दोघी तिकडेच थांबा."

पाणी गुडघ्यांना लागलं होतं. कोमट होतं.